बहिणाबाईंची ‘पिलोक’ आणि साने गुरुजींची ‘श्यामची आई’ : शुश्रूषेच्या श्रमाचा पुनर्विचार

प्रस्तावना

खानदेशातील महाविद्यालयांत बहिणाबाई चौधरी यांची कविता शिकविली जात नाही, असा मराठीचा वर्ग विरळाच. संसार, मन, माहेर, पेरणी आणि देव या विषयांवरील त्यांच्या रचना विद्यार्थ्यांच्या तोंडी असतात आणि बहुतेक विवेचनांचा शेवट ‘निरक्षर कवयित्रीचे जीवनविषयक तत्त्वज्ञान’ या निष्कर्षापाशी होतो. हा निष्कर्ष चुकीचा नाही. तो अपुरा आहे. १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालेल्या ‘बहिणाबाईंची गाणी’ या संग्रहात ‘पिलोक’ नावाची एक लहान रचना आहे. पिलोक म्हणजे प्लेग. या रचनेकडे आपल्या अध्यापनाचे लक्ष क्वचितच जाते.

प्रस्तुत निबंधात ‘पिलोक’ आणि अमळनेरशी जवळचे नाते असलेल्या साने गुरुजींची ‘श्यामची आई’ या दोन कृती आजार व शुश्रूषा या अंगाने वाचण्याचा प्रयत्न केला आहे. रोग्याची सेवा कोण करतो, ती कोणत्या नात्याने करतो आणि साहित्य त्या कामाला कोणते नाव देते, हे येथील मुख्य प्रश्न होत. हे प्रश्न केवळ वाङ्मयीन नाहीत. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील आपल्या अनेक विद्यार्थिनी आज परिचारिकेच्या व्यवसायाकडे वळत आहेत. समाज त्यांच्या कामाचे मोल कसे करतो, याची मुळे आपण वर्गात शिकवीत असलेल्या साहित्यातही आहेत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

‘पिलोक’ : गाठ, गाव आणि करंटी

प्लेगची साथ १८९६ मध्ये मुंबईत उघड झाली आणि पुढील काही वर्षांत ती देशभर पसरली. मुंबईहून निघणारा लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा खानदेशातूनच जातो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. घरांची झडती, रोग्यांना वेगळे काढणे, गावाबाहेर झोपड्या उभारणे हे उपाय सुरू झाले. हाफकिन यांची प्रतिबंधक लस त्याच वर्षी आली. परंतु रोग जडल्यावर तो हमखास बरा करील असे औषध पुढे प्रतिजैविकांचा शोध लागेपर्यंत उपलब्ध नव्हते. रोग्याला पाणी पाजणे, अंग पुसणे, गाठ फुटली तर ती स्वच्छ ठेवणे आणि जवळ बसणे, म्हणजेच शुश्रूषा, हाच त्या काळातील उपचाराचा सर्वांत मोठा भाग होता.

बहिणाबाईंना या रोगाची ओळख ऐकीव नव्हती. त्यांच्या ओंकार या मुलाला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आढळते. असे असूनही ‘पिलोक’मध्ये आईचा विलाप नाही. प्रत्येक कडव्याच्या आरंभी रोगाचे नाव दोनदा उच्चारले जाते. दवंडी पिटावी किंवा हाक मारावी तसा हा उच्चार आहे. गाव ऐकते आणि रिकामे होते.

या रचनेचा सारा भार ‘गाठ’ या शब्दावर आहे. काखेत व जांघेत उठणारी गाठ आणि माणसांची गाठभेट हे दोन्ही अर्थ कवयित्री एकमेकांसमोर आणते. अंगावर एक गाठ आली की दुसरी तुटते. संसर्गजन्य रोगाचे सामाजिक स्वरूप याहून कमी शब्दांत सांगता येणे कठीण आहे. दुसरी गोष्ट गावाच्या रचनेची. माणसांची वस्ती गावाबाहेरच्या झोपड्यांत गेली आहे आणि स्मशान गावात आले आहे. गावकुसाने ठरविलेली आतली व बाहेरची जागा रोगाने उलटी केली आहे.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. क्वारंटाइन या सरकारी शब्दाचे लेवा बोलीत ‘करंटी’ असे रूप झालेले या रचनेत दिसते. मराठीत करंटी म्हणजे दुर्दैवी, हे सांगणे नकोच. परका शब्द बोलीत येताना केवळ उच्चाराने बदलत नाही. लोकांनी त्या व्यवस्थेविषयी दिलेला निकालही तो सोबत घेतो. रोग्याला उचलले जाते आणि करंटीत पोहोचविले जाते. तेथे त्याच्याजवळ कोण बसते? कविता याविषयी काही बोलत नाही. तिच्यात डॉक्टर नाही, वैद्य नाही, परिचारिका नाही. घरातील माणसाचा स्पर्श वर्ज्य झाला आहे आणि परक्याचा स्पर्श अजून उपलब्ध नाही. या दोहोंमधली रिकामी जागा हा ‘पिलोक’चा खरा विषय आहे, असे म्हणता येईल.

‘श्यामची आई’ : सेवेचे नाते

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे, आजारी मुलांची सेवा करणे ही कामे ते स्वतः करीत, हे सर्वश्रुत आहे. १९३२ मध्ये धुळे येथील तुरुंगात विनोबांनी दिलेली गीतेवरील प्रवचने त्यांनी लिहून घेतली आणि १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. कर्म हेच पूजन आणि फळाची आशा न ठेवता केलेले काम हेच श्रेष्ठ, हा विचार या दोन तुरुंगांमधील अंतरात त्यांच्या मनात घोळत असला पाहिजे.

‘श्यामची आई’च्या अखेरच्या भागात आई अंथरुणाला खिळते आणि तिच्या शुश्रूषेसाठी सखूमावशी येते. मावशी दुखणाइताची उसाभर मनापासून करते. ती खचत नाही आणि कुरकुरत नाही. वाचकाच्या मनात मात्र मावशी प्रेमाची मूर्ती म्हणून उरते, कुशल काम करणारी स्त्री म्हणून नव्हे. रात्रीचे जागरण, पथ्याचे अन्न, कूस बदलून देणे, मलमूत्र काढणे यांतील प्रत्येक काम शिकावे लागते, त्यात चुका होतात, त्याने शरीर थकते. परंतु प्रेमाच्या उजेडात हे श्रम दिसेनासे होतात. ‘पिलोक’मध्ये शुश्रूषा करणारे कोणी नाही, ‘श्यामची आई’मध्ये ती करणारी आहे, पण तिचे काम नात्यात विरघळले आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. साने गुरुजींनी सेवेला वंदनीय केले, यात दोष कोणता? दोष त्यांचा नाही. अमळनेरच्या वसतिगृहात एक पुरुष, रक्ताचे नाते नसलेल्या मुलांची, स्त्रियांची समजली जाणारी कामे करीत होता. ही त्या काळात क्रांतिकारक गोष्ट होती. आपल्या अध्यापनाने मात्र या वारशातून आई तेवढी उचलली आणि खोल्या झाडणारा शिक्षक मागे ठेवला. परिणामी सेवा म्हणजे स्त्रीचा स्वभाव, असा अर्थ रूढ झाला. शिवाय फलत्याग हा करणाऱ्याने स्वतः स्वीकारावयाचा असतो. तो दुसऱ्यावर लादला तर त्याला त्याग म्हणता येत नाही. ती फुकट राबवणूक ठरते.

नात्यापलीकडची शुश्रूषा

मराठी समाजाच्या इतिहासात शुश्रूषेचा दुसरा प्रवाहही आहे. १८९७ मध्ये पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांनी चालविलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. प्लेग झालेल्या एका दलित मुलाला त्यांनी पाठीवरून तेथे आणले, त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ‘पिलोक’मधील रिकाम्या जागेत त्या उभ्या राहिल्या, असेच म्हटले पाहिजे. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सुरू केलेल्या सेवासदनाने विधवा व गरजू स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविले. परक्याच्या शरीराला स्पर्श करणे हे प्रतिष्ठित स्त्रीचे शिकण्याजोगे काम ठरू शकते, ही कल्पना तेव्हा सहज पचणारी नव्हती.

याच प्रवाहातील अलीकडचे उदाहरण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच झालेल्या हल्ल्यानंतर त्या कधीच सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत, म्हणजे सुमारे एकेचाळीस वर्षे, तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण झाले नाही, याचीही दखल त्या प्रकरणात घेतली गेली.

शय्याव्रण नसणे ही बाब समीक्षेच्या दृष्टीनेही विचारात घेण्यासारखी आहे. शुश्रूषा उत्तम झाली की काहीच दिसत नाही. पाठीवर जखम नसते, चादर ओली नसते, औषधाची वेळ चुकलेली नसते. शेतकऱ्याच्या श्रमाचे पीक उभे राहते, विणकराचे कापड हाती येते. परिचारिकेच्या श्रमाचे फळ म्हणजे न घडलेले अनर्थ. म्हणूनच साहित्याला हे श्रम टिपणे अवघड जाते. ते दिसतात ते अभावानेच. जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयात करोनाची एक वृद्ध रुग्णा बेपत्ता झाली आणि सुमारे आठवडाभरानंतर तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात आढळला. रुग्णालय होते, खाट होती, नोंदवही होती. रुग्णाकडे लक्ष ठेवणारी नजर त्या दिवसांत तेथे पोहोचली नाही. बहिणाबाईंची करंटी सव्वाशे वर्षांनी त्यांच्याच गावात परतली.

शब्द आणि मोल

आपल्या व्यवहारातील शब्द तपासले तर साहित्याने घडविलेली दृष्टी तेथेही दिसते. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावी आशा आल्या. त्यांना महाराष्ट्रात ‘आशा स्वयंसेविका’ म्हणतात आणि त्यांना मिळतो तो ‘मोबदला’. स्वयंसेविका म्हटले की वेतनाचा प्रश्न शब्दातच मिटविला जातो. याउलट ‘अधिपरिचारिका’ हे शासकीय पदनाम जड वाटले तरी त्यात पद, श्रेणी आणि अधिकार आहे. साथीच्या काळात परिचारिकांना देवदूत म्हणणे सोपे असते; किती रुग्णांमागे एक परिचारिका असावी, हा हिशेब त्या विशेषणामागे दडून जातो.

या हिशेबाशी आपल्या विद्यार्थिनींचा थेट संबंध आहे. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, २०१८ मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि दोन्ही जिल्ह्यांतील खाजगी संस्था यांमुळे आरोग्यसेवेतील वाटा येथेच उपलब्ध झाल्या आहेत. बी.एस्सी. नर्सिंगचे शिक्षण इंग्रजीतून होते. रुग्ण मात्र अहिराणी, लेवा बोली, भिली वा पावरी बोलत येतो. दुखणे कोठे आणि कसे आहे हे ज्या शब्दांत तो सांगतो, ते शब्द पाठ्यपुस्तकात नसतात. ‘पिलोक’ वाचलेल्या परिचारिकेला निदान इतके कळेल की रोग्याच्या बोलीतील एका शब्दात रोगाबरोबर त्याची भीतीही असते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, ‘पिलोक’ ही रचना बहिणाबाईंच्या कवितेतील किरकोळ नोंद नसून साथरोगाच्या सामाजिक अनुभवाचे मराठीतील एक मोलाचे दर्शन आहे व अभ्यासक्रमात तिला स्थान मिळणे योग्य ठरेल. दुसरा, ‘श्यामची आई’ शिकविताना मातृप्रेमाबरोबर मावशीच्या श्रमांची आणि अमळनेरच्या शिक्षकाने स्वतः केलेल्या सेवेची चर्चा व्हावी. तसे झाल्यास वर्गातील मुलांनाही त्या पुस्तकात आपले काम सापडेल. तिसरा, मराठी विभाग व परिचर्या महाविद्यालये यांनी मिळून खानदेशातील बोलींमधील आजारविषयक शब्दांचा संग्रह करावा. हे काम खर्चिक नाही आणि ते येथील अध्यापकांनाच करता येण्यासारखे आहे.

शुश्रूषेला वंदन करणारी परंपरा आपल्याकडे आहेच. तिला काम म्हणून वाचण्याची, म्हणून तिचे शिक्षण, तिचा थकवा आणि तिचे वेतन यांविषयी बोलण्याची सवय मात्र अजून लागावयाची आहे. आपल्या वर्गातून उठून रुग्णालयात रात्रपाळीला जाणाऱ्या विद्यार्थिनीला याच सवयीचा अधिक उपयोग होईल.