'कुटुंब' या शब्दाची झडती

पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील कंपन्यांच्या गृहपत्रिका मी वाचतो. 'आपण सारे एक कुटुंब' हे त्यांचे पालुपद. खंडेनवमीची यंत्रपूजा, सहली, बक्षिसे यांनी पाने भरतात. कंत्राटी सफाई कामगार मात्र मला तेथे क्वचितच भेटतो.

हे वगळणे जुने आहे. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या साचाखात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, त्याचा विटाळ! आणि विटाळ मानणारे कामगारच होते. म्हणूनच १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू दाखवले. गृहपत्रिका दोहोंविषयी गप्प!

कुटुंबात कर्ता असतो, उतरंडही असते. आम्हांला कर्त्याची माया नको, हक्क हवा : समान कामाला समान दाम. त्याविना 'कंपनी-संस्कृती' म्हणजे रंगवलेली उतरंडच.