‘शुद्ध’ या विशेषणाचा अधिकार : कॅनॅबिडिऑलविषयीच्या परिचयपर लेखनाचे परीक्षण

कॅनॅबिडिऑल हे गांजाच्या वनस्पतीत आढळणारे एक द्रव्य. अनेक दशके ते केवळ रसायनशास्त्रज्ञांच्या परिचयाचे होते. गेल्या काही वर्षांत मात्र ते तेलाचे थेंब, कुप्या, मलमे आणि गोड वड्या या रूपांनी स्वास्थ्यसंवर्धनाच्या बाजारात आले आणि त्याच्या पाठोपाठ त्याचा परिचय करून देणारे विपुल वाङ्मयही निर्माण झाले. या वाङ्मयाची घडण बहुधा एकाच साच्याची असते. आरंभी वनस्पतीचे प्राचीनत्व, मग हे द्रव्य मादक नाही याची ग्वाही, त्यानंतर ते किती ‘शुद्ध’ आहे याचे वर्णन, आणि शेवटी निद्रा, चिंता, वेदना, त्वचा, व्यायामोत्तर थकवा अशी उपयोगांची माळ. या साच्यात ‘शुद्ध’ या विशेषणाने फार मोठा भार उचललेला दिसतो. तो उचलण्याचा त्याला कितपत अधिकार आहे, याची चिकित्सा क्वचितच होते.

प्रथम नावाचा प्रश्न. इंग्रजीतील ‘हेंप’ या शब्दाने निरनिराळ्या कुळांतील वाखाच्या वनस्पतींना सरसकट कवेत घेतले आहे. ‘सन हेंप’ म्हणजे आपल्या शेतातील ताग, ‘डेक्कन हेंप’ म्हणजे अंबाडी. यांपैकी ताग शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळातला आहे, तर अंबाडी भेंडी आणि कापूस यांची नातलग आहे. अंबाडीच्या शास्त्रीय नावात ‘कॅनॅबिनस’ हे विशेषण आहे, परंतु ते केवळ पानांच्या साम्यावरून आलेले आहे. कॅनॅबिडिऑल तिच्यात नाही. तेव्हा मराठीत ‘हेंप’ला ‘ताग’ हा प्रतिशब्द वापरणारा लेखक पहिल्याच ओळीत वाचकाला भलत्याच शिवारात नेऊन सोडतो. (अंबाडीची भाजी खाणाऱ्यांनी तरी ही चूक करू नये.) प्रस्तुत द्रव्य भांग, गांजा आणि चरस ज्या एका वनस्पतीपासून होतात तिचेच आहे. ‘हेंप’ हा शब्द तसाच ठेवण्यामागे पुष्कळदा हे नाते झाकण्याचा हेतू असतो, हेही नमूद केले पाहिजे. कमी मादक द्रव्य असलेली ती ‘हेंप’ आणि अधिक असलेला तो ‘गांजा’ हा भेद वनस्पतिशास्त्राने दिलेला नसून कायद्याने आखलेला आहे. अमेरिकेने २०१८च्या कृषिविषयक कायद्यात शुष्क वजनाच्या ०.३ टक्के ही सीमा स्वीकारली. तिचे मूळ १९७६ साली स्मॉल व क्रॉन्क्विस्ट यांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी सुचविलेल्या मर्यादेत आहे. आरोग्याला काय अपायकारक आणि काय निरुपद्रवी, याचा निर्णय करण्यासाठी ती रेषा काढलेलीच नव्हती.

द्रव्याचा इतिहास मात्र स्वच्छ आहे. १९४० साली इलिनॉय विद्यापीठात रॉजर अॅडम्स यांनी मिनेसोटातील रानटी वनस्पतीपासून ते वेगळे केले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये अलेक्झांडर टॉड यांच्या प्रयोगशाळेतही ते वेगळे झाले. त्याची नेमकी रचना कळण्यास १९६३ साल उजाडावे लागले. ते कार्य राफाएल मेकूलाम आणि युवाल श्वो यांचे. पुढच्याच वर्षी मेकूलाम आणि येहिएल गाओनी यांनी टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल हे मादक द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळविले. या दोन्ही द्रव्यांच्या रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. दोन्ही एकमेकांची समघटके आहेत. फरक आहे तो एका वलयाच्या मिटण्या-न मिटण्याचा. आम्लाच्या सान्निध्यात कॅनॅबिडिऑलचे वलय मिटून त्याचे मादक भावंड तयार होऊ शकते, हे अॅडम्स यांनीच दाखविले होते. ‘मादक नाही’ हे विधान त्यामुळे असत्य ठरत नाही. परंतु ही दोन द्रव्ये जणू दोन निराळ्या जगांतील आहेत, असा जो भास परिचयपर लेखनात निर्माण केला जातो तो टिकत नाही.

शुद्धीकरणाची प्रक्रिया थोडक्यात अशी. ताज्या वनस्पतीत हे द्रव्य प्रामुख्याने आम्लरूपात असते; उष्णता दिली असता कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन कॅनॅबिडिऑल उरते. मद्यार्काने किंवा अतिदाबाखालील कार्बन डायऑक्साइडने अर्क काढतात, तो थंड मद्यार्कात ठेवून मेण वेगळे करतात, ऊर्ध्वपातन करतात, आणि अखेर हेप्टेनसारख्या विद्रावकातून त्याचे पांढरे स्फटिक पाडतात. या स्फटिकांना वास नाही, रंग नाही, आणि वनस्पतीची कोणतीही खूण त्यांत उरलेली नाही. येथे ‘शुद्ध’ या शब्दाला निश्चित अर्थ आहे. शंभर भागांत इतके भाग अमुक एका रेणूचे, एवढाच तो अर्थ. पुढे त्या रेणूने शरीरात काय करावे याविषयी तो मौन पाळतो.

तरीही या शुद्धतेचा एक फार मोठा लाभ आहे, आणि आश्चर्य असे की परिचयपर लेखन नेमके त्याच लाभाकडे पाठ फिरविते. द्रव्य शुद्ध असले म्हणजे मात्रा मोजता येते. मात्रा मोजता आली म्हणजे परिणाम पारखता येतो. अपस्माराच्या क्षेत्रात हे घडले. १९८० साली ब्राझीलमध्ये कार्लिनी आणि त्यांचे सहकारी यांनी मूठभर रुग्णांवर दररोज २०० ते ३०० मिलिग्रॅम या प्रमाणात प्रयोग केला. पुढे २०१७ साली द्रावे सिंड्रोम या दुर्धर बाल्यापस्माराच्या १२० रुग्णांवरील नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांना कॅनॅबिडिऑल दिले त्यांच्या मासिक झटक्यांची मध्यक संख्या १२.४ वरून ५.९ वर आली. ज्यांना निरौषध द्रव दिला त्यांची १४.९ वरून १४.१ वर. यानंतर २०१८ साली अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनी ‘एपिडिओलेक्स’ या नावाने त्यास मान्यता दिली. ही सिद्धी लहान नव्हे. ज्या घरांत औषधांमागून औषधे निष्फळ ठरली होती, तेथे महिन्याचे झटके निम्म्यावर येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु या चाचणीतील मात्रा होती शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅममागे रोज २० मिलिग्रॅम. वीस किलो वजनाच्या मुलास दिवसाला ४०० मिलिग्रॅम. आणि बाजारातील कुपीत, थेंबात वा वडीत असतात बहुधा १० किंवा २५ मिलिग्रॅम. परिचयपर लेखक अपस्माराच्या चाचणीचा उल्लेख मोठ्या अभिमानाने करतो आणि पुढच्याच परिच्छेदात प्रौढ मनुष्याला झोपेसाठी १० मिलिग्रॅमची कुपी सुचवितो. मध्ये जी दरी राहते ती ‘शुद्ध’ या शब्दाने बुजविली जाते. द्रव्य तेच, शुद्धता तीच, म्हणून परिणामही तोच, असा हा अनुक्त अनुमानाचा मार्ग आहे. मिठाच्या एका खड्याने हंडाभर आमटी खारट होईल असे मानण्यासारखेच हे आहे.

चिंतेच्या बाबतीत हा दोष अधिकच उघड होतो. सामाजिक भीतीने ग्रस्त असलेल्या २४ व्यक्तींवरील २०११ सालच्या ब्राझीलमधील प्रयोगात ६०० मिलिग्रॅमच्या एका मात्रेने सभेत बोलण्याची धास्ती कमी झालेली आढळली. २०१९ साली तेथेच ५७ निरोगी पुरुषांवर १५०, ३०० आणि ६०० मिलिग्रॅम या तीन मात्रा पारखण्यात आल्या. उपयोग झाला तो फक्त ३०० मिलिग्रॅमचा. कमी मात्रा निष्फळ आणि अधिक मात्राही निष्फळ! ‘थोडे घ्या, हळूहळू वाढवा’ हा परिचयपर लेखनातील आवडता उपदेश या निष्कर्षापुढे कसा उभा राहावा? अल्प मात्रेच्या समर्थनार्थ जो पुरावा वारंवार पुढे केला जातो तो २०१९ सालच्या ७२ रुग्णांच्या निरीक्षणाचा. बहुतेकांना दिवसाला २५ मिलिग्रॅम दिले गेले आणि पहिल्या महिन्यात पुष्कळांची चिंता कमी झाली. त्यात तुलनेसाठी निरौषध गट नव्हता. ही उणीव किरकोळ नाही, कारण २०२१ सालच्या एका प्रयोगात कॅनॅबिडिऑल नसलेले साधे बियांचे तेल ‘यात ते आहे’ असे सांगून दिले असता लोकांना अधिक गुंगी आल्यासारखे वाटले. बाटलीवरील अक्षरेही काही अंशी औषध असतात. अल्प मात्रेची कसोशीने परीक्षा झाली ती डेन्मार्कमध्ये. हातांच्या संधिविकारांच्या १३६ रुग्णांना बारा आठवडे रोज २० ते ३० मिलिग्रॅम देण्यात आले. वेदनेच्या बाबतीत ते निरौषध गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

पोटातून घेतलेल्या द्रव्याचा रक्तापर्यंत पोचणारा अंश फार थोडा, सुमारे सहा टक्के मानला जातो. स्निग्ध भोजनाबरोबर घेतल्यास तो चार ते पाच पटींनी वाढतो. म्हणजे एकाच शुद्ध कुपीची उपाशीपोटी आणि तुपाच्या जेवणानंतर दोन निराळी औषधे होतात.

शुद्धतेच्या विरुद्ध टोकाला ‘संपूर्ण वनस्पती’चा पक्ष आहे. त्याचे म्हणणे असे की, एकटा रेणू दुबळा असतो; सहवासातील इतर द्रव्ये त्याला बळ देतात. याला आधार नाही असे नव्हे. २०१५ साली इस्राएलमध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात शुद्ध कॅनॅबिडिऑलचा सूजनिवारक परिणाम मध्यम मात्रेतच दिसला, तर संपूर्ण अर्काचा परिणाम मात्रेबरोबर वाढत गेला. तथापि उंदराच्या सुजलेल्या पंजावरून माणसाच्या झोपेविषयी सिद्धान्त मांडणे हे धाडसच होय. मौज अशी की पुष्कळदा एकच विक्रेता दोन्ही प्रकारचा माल ठेवतो. एका बाटलीवर ‘शुद्ध’ म्हणून स्तुती आणि शेजारच्या बाटलीवर ‘संपूर्ण’ म्हणून! परस्परांचे खंडन करणारे दोन युक्तिवाद एकाच फळीवर इतक्या सलोख्याने नांदताना अन्यत्र क्वचितच दिसतील.

भारतात या गोंधळात आणखी एक धागा मिसळतो. येथे हे पदार्थ ‘विजया’ या जुन्या नावाने, आयुर्वेदाच्या छत्राखाली विकले जातात. १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजाची व्याख्या करताना, शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया वगळल्या आहेत; त्या वगळणुकीवरच हा व्यापार उभा आहे. शार्ङ्गधरसंहितेत भंगेचा निर्देश आहे खरा, परंतु तो ‘व्यवायी’ म्हणजे पचनापूर्वीच सर्व शरीर व्यापणाऱ्या द्रव्याचे उदाहरण म्हणून. आयुर्वेदातही भंगेचे ‘शोधन’ आहे. पाने पाण्यात पुनःपुन्हा धुऊन वाळवायची आणि गाईच्या तुपात मंद परतायची, अशी त्याची एक रीत. हे शोधन आणि स्फटिक पाडण्याचे शुद्धीकरण यांत ‘शुध्’ या धातूपलीकडे साम्य नाही. कॅनॅबिडिऑल काय किंवा त्याचे मादक भावंड काय, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. धुण्याने जाते ते दुसरेच काही. तुपात मात्र दोन्ही विरघळतात. शोधन पानाला पानच ठेवून त्याचा उग्रपणा कमी करू पाहते. शुद्धीकरण पान नाहीसे करून एक रेणू उरविते. संहितेचा अधिकार पानाला आहे. तो स्फटिकाच्या बाटलीवर छापणे म्हणजे आजोबांच्या नावाचा दाखला नातवाने स्वतःच्या परीक्षेसाठी दाखविण्यासारखे आहे.

शुद्धतेची घोषणा आणि बाटलीतील वस्तू यांचाही मेळ बसत नाही. अमेरिकेत ३१ कंपन्यांची ८४ उत्पादने तपासून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत केवळ २६ उत्पादनांवरील मात्रा बरोबर आढळली, आणि १८ उत्पादनांत मादक द्रव्यही सापडले. एखाद्या खेळाडूच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने १ जानेवारी २०१८ पासून कॅनॅबिडिऑल निषिद्धांच्या यादीतून वगळले, पण त्याचे भावंड वगळलेले नाही.

नियंत्रकांची भूमिका या वाङ्मयात सहसा अडाणी सनातन्यांची रंगविली जाते. ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने २०२० साली निरोगी प्रौढांसाठी रोज ७० मिलिग्रॅमची मर्यादा सुचविली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने ती १० मिलिग्रॅमवर आणली. अमेरिकेच्या नियंत्रकांनी जानेवारी २०२३ मध्ये, अन्न व पूरक आहार यांची प्रचलित नियमचौकट या द्रव्याला पुरेशी नाही असे जाहीर केले. या सावधगिरीचे कारण यकृत होय. अपस्माराच्या चाचण्यांतच, विशेषतः व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या रुग्णांत, यकृताची एन्झाइमे वाढलेली दिसली होती. पुढे निरोगी प्रौढांना किलोग्रॅममागे ५ मिलिग्रॅम या प्रमाणात चार आठवडे देऊन केलेल्या, २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही काहींच्या बाबतीत तेच आढळले. चाचण्यांत जेथे गुण दिसला ती मात्रा शेकडो मिलिग्रॅमची, आणि देखरेखीवाचून नित्य घेण्यास सुरक्षित मानलेली मर्यादा १० मिलिग्रॅमची. स्वास्थ्यसंवर्धनाचा सारा व्यवहार या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत चालतो. तेथे गुणाचा पुरावा नाही, आणि मात्रा चढवीत नेल्यास निर्धोकपणाची हमीही नाही.

याहून निकडीची गोष्ट दुसऱ्या औषधांशी होणाऱ्या संघर्षाची. यकृतातील ज्या एन्झाइमांकडून अनेक औषधांचा निचरा होतो त्यांना कॅनॅबिडिऑल अडविते. क्लोबाझॅम घेणाऱ्या रुग्णात त्या औषधाचा सक्रिय अवशेष रक्तात साचून गुंगी वाढते, हे नोंदलेले आहे. वॉरफॅरिन घेणाऱ्याच्या बाबतीत रक्त गोठण्याचे मापन पुन्हा करावे लागते. ‘नैसर्गिक’ आणि ‘शुद्ध’ ही दोन विशेषणे वाचून आपल्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर हे तेल घेणारा, आणि डॉक्टरांना त्याविषयी काहीच न सांगणारा वृद्ध वाचक हाच या वाङ्मयाचा सर्वांत श्रद्धाळू वाचक असतो. त्याच्यासाठी लिहिलेला परिच्छेद या परिचयांत बहुधा सापडत नाही. आणि सापडलाच तर उपयोगांची माळ संपल्यावर, बारीक टायपात.