दर्जा : कोणाचा आणि कशाने मोजलेला?

पदव्युत्तर अभ्यासक्रमाची चर्चा निघाली की 'दर्जा' हा शब्द येतोच. अभ्यास मंडळाच्या बैठकांतून मी तो वर्षानुवर्षे ऐकला. एम.ए.च्या वर्गाला पूर्णवेळ प्राध्यापक नाही, ग्रंथालयात नियतकालिकांचे जुने अंक नाहीत, म्हणून दर्जा घसरला अशी हाकाटी मात्र तेथे एकदाही झाली नाही. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) नेमावे असे सुचवताच ती झाली. म्हणजे हा शब्द नेमका केव्हा जागा होतो, हे तपासणे भाग आहे.

घटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्रसूचीत, ६६ व्या नोंदीत, उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचे काम केंद्राकडे सोपवले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याने अध्यापन, परीक्षा आणि संशोधन या तिन्हींचा दर्जा राखण्याची जबाबदारी आयोगावर टाकली. यात अध्यापन पहिले आहे. व्यवहारात ते शेवटचे ठरते आणि परीक्षेचा दरवाजा तेवढा भक्कम केला जातो.

हा आजार जुनाच आहे. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडनच्या नमुन्यावर परीक्षा घेणारी संस्था म्हणूनच जन्माला आले. १९२४ मध्ये विद्यापीठ सुधारणा समितीच्या प्रश्नावलीला उत्तर देताना बाबासाहेबांनी याच वृत्तीवर बोट ठेवले. पदव्युत्तर काम पदवीच्या कामापासून तोडणे म्हणजे संशोधन अध्यापनापासून तोडणे होय, आणि त्यात संशोधनाचेच नुकसान आहे, अशी त्यांची भूमिका होती. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकलेला माणूस हे सांगत होता. दर्जाची त्यांना काळजी नव्हती, असे कोण म्हणेल?

आता दरवाजाचा एक नमुना पाहा. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने नेमलेल्या अब्दुल नाफे समितीने २०१६ मध्ये, लेखी आणि तोंडी परीक्षेतील गुणांच्या तफावतीत भेदभावाची खूण दिसते असे नोंदवले आणि तोंडीचा ३० गुणांचा वाटा १५ वर आणण्याची शिफारस केली. त्याच वर्षी आयोगाचे नवे नियम आले. ते लागू होताच तेथे लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती उरली आणि एम.फिल., पीएच.डी.चा प्रवेश तोंडीवर ठरू लागला! २०१८ च्या दुरुस्तीने लेखीला ७० आणि तोंडीला ३० टक्के वाटा मिळाला. मधल्या काळात जे विद्यार्थी बाहेर राहिले, त्यांची उणीव ज्ञानाची होती की उच्चारांची, हे कोणत्या मोजपट्टीने सांगणार?

पण केवळ प्रस्थापितांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. दलित साहित्याचा प्रश्नपत्रिकेत शिरकाव झाला, याचा आनंद मलाही झाला. पुढे काय झाले? 'दलित साहित्याची वैशिष्ट्ये सांगा' हा एकच प्रश्न वर्षाआड येतो. विद्यार्थी बाजारातल्या गाइडमधून विद्रोह, नकार, वेदना हे तीन शब्द पाठ करतो आणि साठ गुण मिळवतो. 'गोलपिठा' (१९७२) न उघडता नामदेव ढसाळांवर उत्तर लिहिता येते. हे उत्तर तपासणारा आपलाच माणूस असतो आणि 'आपल्या पोरांना सांभाळून घ्या' असे तोच म्हणतो. हा कळवळा नव्हे, ही आपल्याच मुलांबद्दलची कमी अपेक्षा आहे.

माझ्या मते येथे मागणी कठोरच हवी. 'बलुतं' वाचणाऱ्याला महारकीचे काम, त्याचा मोबदला आणि वतनाचा कायदा ठाऊक असावा. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली, तो संदर्भ त्याने स्वतः शोधून काढावा. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) मधील निवेदक जे लपवतो आणि 'बलुतं'चा निवेदक जे उघडे करतो, त्यांतील अंतर त्याने मूळ संहितेच्या आधारे दाखवावे. आणि हे मागण्याआधी विभागाने त्याला दोन्ही पुस्तके, एक जिवंत मार्गदर्शक आणि वेळेवर मिळणारी शिष्यवृत्ती द्यावी. नापास करण्याचा अधिकार त्यानंतरचा.