द्यूलाफ्वा दांपत्याचा इराणप्रवास : साधनग्रंथ म्हणून परीक्षण

प्रवासवर्णन हें इतिहासाचें साधन मानावें कीं नाहीं, हा प्रश्न आपल्या मंडळींत वारंवार निघतो. त्याचें सरसकट उत्तर देण्यापेक्षां एखादा विशिष्ट ग्रंथ घेऊन तो तपासणें अधिक फलदायी, असें वाटल्यावरून जेन द्यूलाफ्वा या फ्रेंच विदुषीचा इराण, खाल्डिया व सुशियाना या प्रदेशांतील प्रवासाचा ग्रंथ आम्हीं परीक्षणास घेतला आहे. तो १८८७ सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध झाला. आमचें फ्रेंच कोशाच्या काठीनें चालणारें आहे, हें प्रथमच कबूल करितों; परंतु त्यामुळें वाचन सावकाश झालें व कांहीं गोष्टी नजरेंतून सुटल्या नाहींत.

बाईंचे पति मार्सेल द्यूलाफ्वा (१८४४–१९२०) हे व्यवसायानें इंजिनियर. घुमट व कमान यांची विद्या पूर्वेकडून युरोपांत गेली काय, हा त्यांच्या ध्यासाचा विषय. त्याच्या शोधार्थ १८८१ च्या आरंभीं हीं पतिपत्नी फ्रान्सांतून निघालीं, आणि तब्रीझ, कझ्वीन, तेहरान, कूम, काशान, इस्फाहान व शिराझ हीं शहरें घोड्यावरून प्रवास करीत त्यांनीं पाहिलीं. बाईंनीं केंस कापून पुरुषवेष धारण केला होता. रोजनिशी व छायाचित्रें हें त्यांचें काम. ग्रंथांतील ३३६ चित्रें त्या छायाचित्रांवरूनच लाकडी ठशांनीं तयार केलेलीं आहेत.

हा ग्रंथ एकाच हाताचा दिसतो, पण तसा तो नाहीं. जुन्या बाडांत एकाखालीं एक तीन अक्षरवळणें आढळावींत, तसा यांत तीन प्रकारचा मजकूर मिसळलेला आहे. न्यायशास्त्राच्या परिभाषेंत सांगावयाचें तर कांहीं प्रत्यक्ष, कांहीं शब्द, व कांहीं अनुमान. हे तीन हात वेगळे केल्यावांचून ग्रंथांतील कोणतेंहि विधान उचलूं नये, असें आमचें मत आहे.

प्रत्यक्षाचा भाग मोलाचा आहे. एकच उदाहरण देतों. तेहरानजवळ वरामीन येथें इमामजादा याह्या यांची कबर आहे. तिच्या भिंतींस धातूसारखी झळाळी असलेल्या, भाजलेल्या मातीच्या लाद्या बसविल्या होत्या. बाई १८८१ सालीं तेथें गेल्या तेव्हां त्यांची चोरी आधींच सुरू झाली होती. पुढें १९०० च्या सुमारास तेथील मिहराबहि पॅरिसला पोंचला. हिजरी ६६३, म्हणजे इ. स. १२६५, हा काल व काशानच्या कारागिराचें नांव धारण करणारा तो मिहराब १९४० सालीं विकला गेला, व आज हवाई बेटांतील होनोलूलू येथील संग्रहालयांत आहे. लाद्यांची पांगापांग अनेक देशांत झाली. अशा स्थळाविषयीं त्या काळीं तेथें उभ्या राहिलेल्या व्यक्तीची साक्ष कोणता संशोधक टाकून देईल? मात्र चित्रांविषयीं एक सूचना. ठसा कोरणारा कारागीर हा नक्कलकारच होय. त्याचा हात मध्यें आला कीं मूळ थोडें बदलतें. बाईंच्या छायाचित्रांचे संग्रह पॅरिस येथील कलेतिहासाच्या राष्ट्रीय संस्थेंत जतन केलेले आहेत. नक्कल मुळाशीं ताडल्यावांचून ग्राह्य नाहीं, हा आपला नियम येथेंहि लागू आहे.

शब्दाचा भाग वाटाडे, मुजावर व यजमान यांच्या तोंडचा. परक्या देशांत प्रवासी त्यांच्याच डोळ्यांनीं पाहतो. दारयवुशानें बांधविलेल्या राजप्रासादास ते जमशीदाचें तख्त म्हणतात. सासानी बादशहांचीं शिल्पें रुस्तुमाचीं ठरवितात. आणि कुरुशाचें थडगें सुलेमानाच्या आईचें सांगतात. आपल्याकडे लेणें दिसलें कीं तें पांडवांचें ठरतें, त्यांतलाच हा प्रकार. यास खोटें म्हणून हंसूं नये. लोक काय मानीत होते, याचा हा उत्तम पुरावा आहे; वास्तु कोणीं बांधली, याचा मात्र नाहीं.

सर्वांत जपावयाचें तें अनुमानापासून. फिरूझाबाद व सर्विस्तान येथील घुमटाच्या इमारती हखामनी काळच्या आहेत, असें मार्सेल यांनीं ठरविलें. तसें ठरल्यास घुमटाचें प्राचीनत्व आपोआप सिद्ध होत होतें. पण फिरूझाबादचा प्रासाद पहिल्या अर्दशीराचा, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतील, हें आतां निश्चित आहे. सर्विस्तानची वास्तु तर त्याहूनहि उत्तरकालीन ठरली आहे. सुमारें सातआठशें वर्षांची ही चूक अज्ञानानें झालेली नाहीं. उत्तर आधीं मनांत धरून मग पुरावा शोधावयास निघाल्यानें ती झाली. मोजमापें घेणारा पुरुष मोठा मेहनती होता, म्हणूनच ही गोष्ट अधिक ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां एक कटु प्रसंग. या प्रवासाचें फलित म्हणून १८८४ ते १८८६ या काळांत दांपत्यानें सूसा येथें उत्खनन केलें. रंगीत विटांची धनुर्धरांची पट्टी आज लूव्र संग्रहालयांत आहे ती तेथलीच. त्या उत्खननाच्या रोजनिशींत, जी १८८८ सालीं छापली, बाई स्वतः लिहितात कीं, सुमारें बारा हजार किलो वजनाचा एक दगडी बैल हलविणें अशक्य झालें, तेव्हां संताप अनावर होऊन त्यांनीं घण घेतला व तो बैल फोडला. हें लपविलें नाहीं, हा त्यांचा प्रामाणिकपणा. परंतु हें प्रेमच असें होतें कीं, वस्तु आपल्या हातीं येत नसेल तर ती जागेवर राहूं देणें त्यास जमलें नाहीं.

परदेशस्थांस दोष देऊन आपण मोकळे होऊं नये. आमच्या पाहण्यांतील एका संग्राहकानें तुघ्रा व शिक्का यांच्या मोहानें एका फारसी फर्मानाचा शिरोभाग कापून चौकटींत बसविला. खालचा कागद रद्दींत गेला. आतां तें फर्मान कोणाच्या नांवें व कशाबद्दल होतें, हें त्या संग्राहकासहि सांगतां येत नाहीं. आम्ही त्या दिवशीं त्यांच्या घरीं चहा घेऊन मुकाट्यानें परत आलों, याची आम्हांस अद्याप खंत वाटते.

ग्रंथ संग्राह्य आहे. इराणांतील वास्तूंच्या अभ्यासकानें तो अवश्य जवळ बाळगावा. वाचतांना समासांत तीन खुणा कराव्या: पाहिलेलें, ऐकलेलें व तर्किलेलें. आम्हीं आमच्या प्रतींत तसें केलें आहे, आणि पहिल्या खुणेचीं पानें अपेक्षेपेक्षां पुष्कळ अधिक निघालीं, हें नमूद करण्यास आनंद वाटतो.