फाइल आवळणाऱ्या साधनांची परीक्षा

आमच्या प्रयोगशाळेत चहाच्या वेळी प्रोग्राम लिहिणारी मंडळी जमली की एक जुना विनोद हमखास निघतो. "फाइल सर्वांत जास्त आवळणारे साधन कोणते?" "पुसून टाकण्याची आज्ञा! शंभर टक्के आवळते. फक्त परत सोडवता येत नाही." मग कोणीतरी काना, मात्रा, वेलांट्या गाळून फळ्यावर लिहितो, 'मझ्य चहत सखर नह'. हे सगळ्यांना वाचता येते. पुढचे कोडे येते 'मत मळल', आणि भांडण सुरू होते. एकाला त्यात 'माती मिळाली' दिसते, दुसऱ्याला 'मोती मिळाला', तर निवडणुकीच्या दिवसांत तिसऱ्याला 'मते मिळाली'!

या थट्टेत विषयाचा गाभा आहे. छायाचित्रांसाठीची जेपीईजी किंवा गाण्यांसाठीची एमपी3 ही पद्धत काही माहिती कायमची गाळून टाकते, कारण डोळ्याला किंवा कानाला तिची उणीव सहसा जाणवत नाही. निकालपत्रक, हिशेब किंवा प्रोग्राम आवळताना मात्र एक बिटही हरवून चालत नाही. अशी काहीही न हरवणारी अनेक साधने आहेत आणि त्यांची तुलना करणारे तक्तेही जागोजाग आढळतात. साधनाचे नाव आणि पुढे 'इतके टक्के बचत', एवढाच त्यांचा थाट. या लेखात आम्हाला साधनांइतकीच या तक्त्यांचीही झडती घ्यायची आहे.

दोन युक्त्या

पहिली युक्ती जेकब झिव आणि अब्राहम लेम्पेल या इस्रायली शास्त्रज्ञांनी 1977 साली मांडली. जे आधी येऊन गेले ते पुन्हा लिहायचे नाही. किती मागे जायचे आणि किती अक्षरे उचलायची, एवढेच सांगायचे. 'टपटपटपटप' लिहायचे असेल तर 'टप' लिहून 'दोन मागे जा, सहा उचला' असे सांगितले की झाले. पण दोनच अक्षरे लिहिलेली असताना सहा कशी उचलणार? उचललेले अक्षर लगेच रांगेच्या शेवटी ठेवत गेले, की पुढचे उचलायला ते तयार असते. वर्गात अक्षरांच्या चिठ्ठ्या घेऊन हे करून पाहावे. वारंवार येणाऱ्या चिन्हाला छोटा संकेत देण्याची डेव्हिड हफमन यांची 1952 सालची रीत हिला जोडली, की झिप आणि 1992 साली आलेले जीझिप यांची मुख्य पद्धत तयार होते. मात्र जीझिप मागे वळून पाहते ते फक्त 32 किलोबाइटपर्यंत.

दुसरी युक्ती म्हणजे शब्दकोडेच आहे. मायकेल बरोज आणि डेव्हिड व्हीलर यांनी ती 1994 साली प्रसिद्ध केली. 'टपटपटप।' हा शब्द घ्या. दंड ही शेवटाची खूण. पहिले अक्षर शेवटी नेत नेत त्याची सातही रूपे एकाखाली एक लिहा. मग ती कोशाप्रमाणे क्रमाने लावा. दंड सर्वांत आधी, मग ट, मग प. आता प्रत्येक ओळीचे फक्त शेवटचे अक्षर वरून खाली वाचा: 'पपप।टटट'. विखुरलेली अक्षरे एकत्र गोळा झाली! 'तीन प, दंड, तीन ट' असे ती थोडक्यात सांगता येतात. 1996 साली आलेले ज्युलियन सेवर्ड यांचे बीझिप-2 हे साधन याच युक्तीवर चालते.

पुढची एक्सझेड आणि झेडस्टँडर्ड ही साधने पुन्हा पहिल्याच युक्तीकडे वळली, पण मोठी स्मरणशक्ती घेऊन. एक्सझेड आपल्या सर्वोच्च पातळीवर 64 मेगाबाइट मागे पाहू शकते. 2016 साली फेसबुकने खुले केलेले झेडस्टँडर्ड बचतीपेक्षा वेगावर अधिक भर देते.

प्रश्नपत्रिका कोणती?

तक्त्यातील टक्के हे साधनाचे गुण नव्हेत; ते साधन आणि फाइल यांच्या जोडीचे गुण आहेत. जुन्या तुलना बहुधा कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात 1980च्या दशकात जमवलेल्या फाइलींच्या संग्रहावर, किंवा 1997 सालच्या कँटरबरी संग्रहावर केलेल्या असत. त्यांतील पुस्तकी मजकूर इंग्रजी आहे. मग मराठीचे काय?

आज मराठी मजकूर बहुधा यूटीएफ-8 या संकेतपद्धतीत साठवतात. तिच्यात साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना आणि वेलांटी हीही स्वतंत्र चिन्हे. 'सागर' या शब्दात स, काना, ग, र अशी चार चिन्हे, म्हणजे 12 बाइट झाले. या तिनांपैकी पहिला बाइट दर वेळी तोच असतो आणि दुसरा दोनच पर्यायांपैकी एक. त्यामुळे मराठी फाइल जास्त टक्के आवळली गेली, तर त्याचे बरेचसे श्रेय साधनाचे नसून आधीच्या फुगवट्याचे असते. आधी पोत्यात हवा भरायची आणि ती काढल्याबद्दल पाठ थोपटून घ्यायची, असा हा प्रकार!

मोजायचे काय राहिले?

कोणतीही फाइल आवळून दाखवतो, असा दावा करणारे अधूनमधून भेटतात. तो खोडायला शाळेतले गणित पुरते. तीन बिटांच्या फाइली आठ असू शकतात. त्याहून छोट्या फाइली म्हणजे दोन बिटांच्या चार, एका बिटाच्या दोन आणि एक रिकामी, अशा सातच. आठ पाहुण्यांना सात खोल्यांत एकेकटे ठेवता येत नाही.

2001 साली एका प्रोग्रामरने यावर पैज लावली होती. 100 डॉलर भरा, मी दिलेली स्वैर आकड्यांची फाइल आवळून दाखवा आणि 5,000 डॉलर न्या. मात्र सोडवणाऱ्या प्रोग्रामचा आकारही हिशेबात धरला जाईल. एका पठ्ठ्याने विचारले, "एकाऐवजी अनेक फाइली दिल्या तर चालतील?" होकार मिळताच त्याने मूळ फाइल '5' हे अक्षर येते अशा दोनशेहून अधिक ठिकाणी कापली आणि तिथला '5' फेकून दिला. तुकडे जोडताना मध्ये '5' घातला की मूळ फाइल तयार! बेरीज खरोखरच कमी भरली. पण कापायच्या जागा तुकड्यांच्या लांबीत दडल्या होत्या आणि ती नोंद संगणक वेगळी ठेवतो. बक्षीस मिळाले नाही, वाद मात्र रंगला. आमच्या मते दोघांनीही एक मोठी शिकवण फुकट दिली: बचत दिसली की आधी विचारावे, ओझे दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर तर गेले नाही ना?

हाच प्रश्न तक्त्यांना विचारू. एक्सझेड सर्वोच्च पातळीवर आवळताना सुमारे 674 मेगाबाइट स्मृती मागते. शाळेतल्या जुन्या संगणकावर ती कुठून आणणार? बीझिप-2 बरेचदा जीझिपपेक्षा लहान फाइल देते, पण सोडवायला बराच अधिक वेळ घेते. एकदा आवळून हजार वेळा सोडवायच्या फाइलीला हा दोष मोठा. वर्षातून एकदा उघडायच्या दप्तराला क्षुल्लक.

एक किंमत तर कोणत्याच तक्त्यात नसते. एक्सझेडचा सांभाळ अनेक वर्षे मुख्यतः एकच माणूस स्वखुशीने, विनामोबदला करत होता. जिया तान या नावाने वावरणाऱ्या कोणी दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि 2024 साली साधनात चोरवाट पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याने त्याचा छडा लावला आणि मार्च 2024 मध्ये ती चोरवाट उघडकीस आली. चोरवाट नंतर काढण्यात आली. तोवर एक्सझेड बचतीच्या तक्त्यांत वरच्याच जागी होते!

आमचा निवाडा असा. दुसऱ्याला पाठवायचे असेल तर झिप, कारण ते जवळपास कुठेही उघडते. रोजच्या कामाला झेडस्टँडर्ड. एकदा आवळून पुष्कळांना वाटायचे असेल आणि वेळ व स्मृती हाताशी असेल तर एक्सझेड. जेपीईजी छायाचित्रे आधीच आवळलेली असतात. त्यांची पुन्हा झिप केल्याने जागा फारशी वाचत नाही.

हा निवाडाही तपासून पाहावा. एक मराठी धडा, एक गुणपत्रक आणि एक छायाचित्र घ्या. आधीचा आकार, नंतरचा आकार, आवळायचा वेळ, सोडवायचा वेळ असे रकाने करा. शेवटी सोडवलेली फाइल मुळाशी ताडून पाहायला विसरू नका.

आणि जाता जाता एक कोडे. बरोज-व्हीलर युक्तीने एका शब्दाचे 'रससर।' असे झाले आहे. ही अक्षरे एकाखाली एक लिहा, ओळी क्रमाने लावा (दंड, र, स), प्रत्येक ओळीच्या डावीकडे मूळ उभी रांग पुन्हा लिहा, परत क्रमाने लावा. ओळी पाच अक्षरांच्या होऊन शेवटच्या वेळी क्रमाने लागल्या, की दंडाने संपणारी ओळ शोधा. शब्द कोणता?