उंटाचे बलिदान आणि घड्याळाचा काटा

बुद्धिबळाच्या प्रोग्रामांची तुलना करण्याची एक पद्धत रूढ आहे. डावपेचांच्या अवघड स्थिती त्यांच्यापुढे ठेवायच्या आणि योग्य चाल कोणाला किती सेकंदांत सापडली ते मांडायचे. जो लवकर सोडवतो तो श्रेष्ठ. घरच्या संगणकावर हा उद्योग करणाऱ्यांपैकी मीही एक. पण या निष्कर्षाला माझा आक्षेप आहे.

१९९८च्या लिनारेस स्पर्धेतील टोपालोव्ह–शिरोव्ह डाव घ्या. दोघांकडे एकेक उंट, तोही विरुद्ध रंगांच्या घरांवरचा. काळ्याची दोन प्यादी जास्त, तरी असे डाव बरेचदा बरोबरीत सुटतात. ४७व्या चालीला शिरोव्हने एफ५वरचा उंट थेट एच३वर, पांढऱ्या प्याद्याच्या तोंडी दिला. तो उंट त्याच्याच राजाच्या वाटेत होता. पांढऱ्याने तो मारला, तेवढ्यात काळा राजा इ४वर पोचला. सहा चालींनंतर टोपालोव्हने डाव सोडला.

अशी चाल प्रोग्रामला जड का जाते? तो सगळ्या चाली सारख्याच खोलवर तपासत नाही. वरवर तोट्याच्या दिसणाऱ्या चाली लवकर छाटतो आणि वाचलेला वेळ इतर चालींवर खर्च करतो. एरवीच्या डावांत या काटकसरीचा त्याला फायदाच होतो. बलिदानाच्या कोड्यात मात्र तिच्यामुळेच उशीर होतो. छाटणी सैल केली तर कोडी लवकर सुटतील, पण प्रत्यक्ष खेळ कच्चा होऊ शकेल.

मोजणीही डळमळीत असते. शोधाचे काम अनेक प्रोसेसरांत वाटले, की तोच प्रोग्राम तीच स्थिती कधी झटकन, कधी रेंगाळत सोडवतो. आधीच्या शोधाची स्मृती पुसली नसेल, तर दुसरी खेप उगाच वेगवान दिसते. शिवाय चाल बरोबर निवडूनही मूल्यांकन बरोबरीचेच दाखवले, तर त्याला ती उमगली असे कसे म्हणावे?

ब्रात्को आणि कोपेक यांनी १९८२मध्ये मांडलेल्या चाचणीत २४ स्थिती होत्या. त्यांतल्या निम्म्याच डावपेचांच्या. उरलेल्यांत प्यादे पुढे सरकवून समोरची फळी फोडण्याची जाण तपासली होती. निव्वळ डावपेचांच्या यादीत हा तोल राहत नाही.

म्हणून वेळ जरूर नोंदवावी. पण प्रत्येक स्थिती अनेकदा, कोऱ्या स्मृतीने आणि मूल्यांकनासह तपासावी, आणि शेजारी प्रत्यक्ष डावांचे निकाल ठेवावेत. मिनिटभरात यंत्राला पटले नाही म्हणून एखाद्या खेळाडूच्या बलिदानावर ‘चूक’ असा शेरा मारण्याआधी एवढे तरी करायलाच हवे.