रांग मोडते तेव्हा

इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका गावाचं सभागृह. आदल्या आठवड्यात कुणाचं तरी लग्न झालं असावं, छताच्या पताका तशाच लटकत होत्या. त्यांच्याखाली दोन फूट लांब, दोन फूट रुंद अशी हिरवी-तपकिरी पटांगणं ओळीनं मांडलेली. प्रत्येकावर कापडाची शेतं, कापसासारखी झाडं, फोमच्या टेकड्या, आणि दोन्ही कडांना पंधरा मिलिमीटर मापाचे धातूचे सैनिक. स्पर्धा शनिवार-रविवारची. शनिवारी चार डाव, रविवारी दोन. जिंकणाऱ्याची गाठ पुढच्या फेरीत जिंकणाऱ्याशी, हरणाऱ्याची हरणाऱ्याशी, त्यामुळे शेवटच्या क्रमांकावरच्या माणसालाही शेवटपर्यंत बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळतो. मला इथे लिहायचं आहे ते शनिवारच्या तिसऱ्या डावाबद्दल, आणि खरं तर त्या डावातल्या दोन पाळ्यांबद्दलच. एखाद्या बंदिशीत सम गाठायच्या आधीची जी एक जागा असते, तशी ती जागा होती.

खेळाचं नाव ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’. सगळे त्याला डीबीए म्हणतात. फिल बार्कर आणि रिचर्ड बॉडली स्कॉट यांनी तो रचला आणि 1990 मध्ये वॉरगेम्स रिसर्च ग्रुपनं छापला. प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांचे नियम हा गट 1969 पासून काढत होता, आणि प्रत्येक आवृत्तीगणिक ते जाडजूड होत चालले होते. मग त्याच बार्करनं सगळं बाजूला सारून मोजक्या पानांत मावणारा खेळ लिहिला. इसवी सनापूर्वी 3000 पासून इसवी सन 1500 पर्यंतची कुठलीही फौज घ्या, तिच्या तुकड्या बाराच. एका तुकडीचा बेस चाळीस मिलिमीटर रुंद. त्यावर तीन घोडेस्वार असतील तर ते नाइट, चार भालाईत असतील तर भाल्यांची भिंत, एकच हत्ती असेल तर हत्तीदल. (आपले मावळे या चौकटीत बसत नाहीत, कालमर्यादाच दीडशे वर्षं आधी संपते. याचं मला दर वेळी वाईट वाटतं.)

बार्करची भाषा हा स्वतंत्र आस्वादाचा विषय आहे. त्याच्या वाक्यात एकही शब्द मोकळा नसतो. अटीत अट, अपवादाला अपवाद, आणि शेवटी एक क्रियापद. खेळाडूंनी या शैलीला ‘बार्करीज’ असं नावच ठेवलंय आणि बरेच जण तिच्यावर वैतागतात. मला ती आपल्या सूत्रग्रंथांच्या जातीची वाटते. सूत्र अल्पाक्षर असतं आणि म्हणूनच त्याला भाष्य लागतं. वॉशिंग्टन परिसरातल्या खेळाडूंनी बार्करच्या नियमांवर आकृत्यांसकट एक सबंध मार्गदर्शिका लिहिली, ती भाष्यपरंपराच म्हणायची.

आता या रचनेचा गाभा. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला सेनापतीनं एक फासा टाकायचा. जो आकडा पडेल तितके आदेश त्या पाळीत देता येतात. खेळाडू त्यांना ‘पिप’ म्हणतात. एक तुकडी हलवायला एक पिप. पण शेजारच्या तुकड्या एकमेकींना चिकटून, एका रेषेत उभ्या असतील, तर ती सगळी रांग एकाच पिपमध्ये सरळ पुढे जाते. सेनापती फार लांब असेल, किंवा मध्ये टेकडी-जंगल आल्यानं दिसत नसेल, तर जादा पिप मोजायचा. नियम इतकाच.

बुद्धिबळात आपण एक मोहरा हलवतो आणि तो हलतोच. इथे पटावर सगळं लख्ख दिसत असतं: कुठे खिंडार पडलंय, कुणाची बगल उघडी आहे, कोण वेढ्यात सापडणार आहे. दिसत असूनही ते करायला आदेश पुरत नाहीत. मध्ययुगातला सेनापती घोड्यावर बसून, धुळीत आणि आरडाओरड्यात, एखाद्या स्वाराकरवी निरोप पाठवायचा. तो पोचला तर पोचला. ही सगळी हतबलता बार्करनं एका फाशात घातली. फासा नशीब ठरवतो असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तो दर पाळीला एकच प्रश्न विचारतो: गरजा तीन आहेत आणि हातात दोन आदेश आहेत, तर कुणाला वाऱ्यावर सोडणार?

माझी फौज फ्रेंच होती, 1346 सालची. पुण्याच्या एका पावसाळ्यात मी ती रंगवली होती. समोर एक निवृत्त पोस्टमन, उंच, हळू बोलणारे, आणि त्यांच्याकडे तिसऱ्या एडवर्डचे इंग्रज. म्हणजे क्रेसीच्या लढाईतलीच जोडी. त्यांनी फौज मांडली तेव्हा मी आधी निशाणं पाहिली, कारण निशाणात त्या माणसाचा अभ्यास दिसतो. माझ्या राजाच्या निळ्या झेंड्यावर सोनेरी लिलीची फुलं विखुरलेली होती. पुढे जी फक्त तीन फुलं दिसतात ती चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पाचव्या चार्ल्सच्या वेळी ठरली. क्रेसीच्या झेंड्यावर तीन काढली तर ते चूक. त्यांच्या एडवर्डच्या निशाणाचे चार चौकोन होते: दोनांत इंग्लंडचे सिंह, दोनांत फ्रान्सच्या लिली, आणि त्याही विखुरलेल्याच. एडवर्डनं 1340 मध्ये फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला आणि शत्रूची फुलं आपल्या ढालीवर घेतली. साऱ्या शतकभराच्या युद्धाचं कारण त्या बोटाच्या पेराएवढ्या कागदावर होतं. मी काही बोललो नाही, फक्त त्यांच्या झेंड्याकडे बोट दाखवलं. त्यांनी माझ्या झेंड्याकडे दाखवलं. ओळख झाली.

मग ते वाकून माझ्या बेसकडे बघत राहिले. “तुमची जमीन लाल आहे,” ते म्हणाले. खरंच होतं. बेसवर चिकटवलेली वाळू आमच्या गल्लीतल्या बांधकामावरची, आणि तिच्यावर मी नकळत आपल्याकडच्या मातीचाच रंग दिला होता. त्यांच्या बेसवर इंग्लंडचं ओलं गवत. क्रेसी जिथे आहे त्या पिकार्डीच्या शेतावर दोन वेगवेगळ्या देशांची माती समोरासमोर उभी होती.

ते टेकडीच्या उतारावर थांबले. क्रेसीला एडवर्ड थांबला होता तसेच. मध्ये लाँगबोवाले तिरंदाज, त्यांच्या मागे घोड्यावरून उतरलेले चिलखती योद्धे. मी पाच नाइटांची रांग मध्यभागी घेऊन निघालो. रांग सलग असल्यानं एक पिप पुरत होता. पहिल्या दोन पाळ्या मला फासा चांगला पडला आणि उरलेले पिप मी क्रॉसबोवाल्यांना सावरायला वापरले. खऱ्या क्रेसीत जिनोआच्या क्रॉसबोवाल्यांची मोठी ढाल मागे सामानात राहिली होती, ते माघारी वळले आणि फ्रेंच स्वार त्यांनाच तुडवत पुढे गेले. मला ते टाळायचं होतं, आणि ते टाळलंही.

तिसऱ्या पाळीत मी बाणांच्या टप्प्यात शिरलो. या खेळात बाण दोघांच्याही पाळीत सुटतात, म्हणून पुढे जाणारा आपल्याच पाळीत मार खातो. त्यांच्या तीन तुकड्यांनी माझ्या मधल्या नाइटवर नेम धरला. घोडेस्वारांविरुद्ध धनुष्याचा आकडा चार, पायदळाविरुद्ध नाइटचा तीन. मदतीला दोन तुकड्या असल्यानं माझ्या आकड्यातून दोन वजा. त्यांना फासा पडला तीन, म्हणजे सात. मला चार, म्हणजे पाच. निम्म्याहून कमी पडलो असतो तर ती तुकडी मेली असती; निम्म्याहून जास्त होतो, म्हणून ती फक्त आपल्या बेसच्या खोलीइतकी मागे सरकली. पंधरा मिलिमीटर मापात ते बोटाच्या दोन पेरांइतकंही अंतर नाही. कुणी मेलं नाही. पोस्टमन मात्र हलकेच खुर्चीत मागे टेकले.

कारण आता रांग राहिली नव्हती. डावीकडे दोन नाइट, मध्ये एक मागे पडलेला, उजवीकडे दोन. आधी एका आदेशात चालणारं सैन्य आता तीन आदेश मागत होतं.

माझ्या दृष्टीनं बार्करच्या रचनेची सगळ्यात सुंदर जागा ही आहे. तिरंदाजाचं काम मारणं असं आपण धरून चालतो. बार्करनं ओळखलं की त्याचं मोठं काम सेनापतीचे शब्द महाग करणं हे आहे. एक बाण, आणि माझं एका पिपचं वाक्य तीन पिपचं झालं. उलट त्यांच्या तिरंदाजांना काहीच लागत नव्हतं. उभं राहायला आदेश लागत नाही, बाण सोडायलाही लागत नाही. चढाई करणारा फाशाच्या दयेवर आणि उतारावर उभा असलेला फाशापासून मोकळा! क्रेसीबद्दल मी वाचलेल्या पानांमधून जे मला नीट उमगलं नव्हतं, की इतके कसलेले स्वार पुन्हा पुन्हा येऊन पुन्हा पुन्हा कसे विस्कटले, ते या एका नियमानं समजलं. शौर्य कमी पडलं नाही. तुटलेल्या रांगा सांधायला आवाज पोचत नव्हता.

त्यांच्या पाळीत सुटलेल्या बाणांनी काही हललं नाही. मग माझा फासा: दोन.

दोन आदेश आणि तीन तुकडे. मधल्याला पुढे आणून रांग सांधावी तर एक पिप त्यातच जातो, आणि अख्खी फौज बाणांखाली अजून एक फेरी उभी राहते. नाही तर मधल्याला सोडून दोन्ही जोड्या धडकवाव्यात. मी पाच मिनिटं बघत राहिलो. स्पर्धेत घड्याळ असतं, पण त्यांनी घाई केली नाही. डावी जोडी हलवताना मी मोठ्यानं म्हणालो, “या कडेला मी तुमच्या कोपऱ्याशी सरळ जुळवतोय, चालेल?” ते म्हणाले, “जुळलंय.” हा या खेळाचा शिष्टाचार मला फार आवडतो. मिलिमीटरवरून भांडण नको म्हणून आधी हेतू सांगायचा, दोघांनी मान्य करायचा, मग हात लावायचा.

मी दोन्ही जोड्या धडकवल्या.

मधली फट तशीच राहिली, आणि तिच्यासमोर त्यांची एक तिरंदाज तुकडी मोकळी होती. तिच्यावर कुणी धावून आलं नव्हतं. पण तिचे दोन्ही कोपरे माझ्या आतल्या दोन्ही नाइटांच्या कोपऱ्यांना टेकत होते, म्हणून दोघांचाही एकेक गुण वजा. स्वतः न लढता तिनं दोन लढती बिघडवल्या. गैरहजर असलेला तो एक नाइट मला दोन्हीकडे महाग पडला. डाव्या टोकाच्या नाइटला मात्र सहा पडला. नऊ विरुद्ध सहा. घोडेस्वार अंगावर येऊन हरलेला तिरंदाज वाचत नाही, त्यामुळे ती तुकडी पटावरून उचलली गेली. बाकीच्या तिघांकडून काही साधलं नाही.

आणि इथे नियम पुन्हा इतिहासाच्या बाजूनं उभा राहतो. जिंकलेल्या नाइटला थांबता येत नाही. तो आपोआप पुढे रेटतो, सेनापतीनं सांगितलं असो वा नसो. माझा तो निळ्या झुलीचा स्वार शत्रूच्या रांगेतल्या भोकात एकटाच शिरला. त्या क्षणी तो सुंदर दिसत होता, हे मला कबूल करायलाच हवं. त्याच्या झुलीवरची फुलं मी तीन रात्री बसून शून्य नंबरच्या ब्रशनं काढली होती.

पोस्टमनना चार पडले. एका पिपमध्ये मागचे चिलखती योद्धे समोर आले. दुसऱ्यात टोकाची तुकडी वळून त्याच्या बगलेला लागली. याला खेळाडू ‘दार लावणं’ म्हणतात. आता हरला तर मागे सरकायला जागा नाही, आणि बगलेला शत्रू असताना मागे सरकणं म्हणजे मरणं. त्यांचे तीन आणि चार, सात. माझे तीन, बगलेचा एक वजा, फासा तीन, पाच. मघाशी बाणांच्या वेळीही हेच आकडे होते, सात आणि पाच. तेव्हा ते दोन पेरं मागे सरकवणारे ठरले, आता त्यांनीच जीव घेतला. फरक आकड्यांत नव्हता, तो कोण कुठे उभं आहे यात होता.

चार तुकड्या गेल्या की डाव संपतो. पुढे दोन पाळ्यांत माझ्या चार गेल्या, त्यांच्या दोन. ते सगळं भराभर झालं आणि त्यात रस घेण्यासारखं फारसं नव्हतं.

चहाची वेळ होती, पण ते उठले नाहीत. त्यांनी मेलेल्या तुकड्या एकेक करून परत पटावर ठेवल्या, डावे दोन, उजवे दोन, मधला मागे. अगदी त्या पाळीच्या सुरुवातीसारखं. मग लाल फासा माझ्याकडे सरकवला, तीनचा ठिपका वर करून. “समजा तीन पडले असते.”

मी मधल्याला रांगेत आणलं, दोन्ही जोड्यांना हात लावला नाही. एक पिप खर्च, दोन शिल्लक, आणि पाचही नाइट पुन्हा एका ओळीत. त्यांनी मान हलवली आणि बाण सोडले. त्यांना पडला पाच. मला दोन.

“गेला,” मी म्हणालो.

“गेला,” ते म्हणाले, आणि त्यांनी माझा मधला नाइट उचलून तळहातावर घेतला, लाल मातीसकट, आणि खिडकीच्या उजेडात धरून लिली मोजायला लागले.